तोवर डायरेक्ट

साहेब, माझ्या नवऱ्याचा हात तुम्ही जाळलात. बॅटरी नंतर फुटली, आधी तुम्ही.

हे मी तुमच्या ऑफिसात तोंडावर बोलले नाही. तुम्ही मला 'वहिनी' म्हणून खुर्ची दिलीत, चहा मागवलात. आपल्या माणसांत ही एक खोड आहे, चहा पोटात गेला की तोंडाला कुलूप बसतं. तर आता लिहिते. तुम्हाला यातलं बरंचसं ठाऊक आहे, पण तुमच्या एकट्यासाठी मी लिहीत नाहीये. म्हणून पहिल्यापासून.

शांताराम माझा नवरा. घरात मी 'अहो' म्हणते, इथे नावाने लिहिते. तुम्ही एवढी वर्षं त्याला नावानेच हाक मारत आलात, मी एकदा लिहिलं तर काय कमी होणार आहे त्याचं? आम्ही लांज्याकडचे. तो इथे आखातात, वादी कबीर भागातल्या तुमच्या गॅरेजात बसगाड्यांचे एसी दुरुस्त करतो. मी तुमच्याच बारा नंबरच्या बसवर आंटी. वादी अदाई वस्तीतली पोरं सकाळी शाळेत आणायची, दुपारी परत नेऊन सोडायची, कोणी झोपलंय का ते सीटखाली वाकून बघायचं. आमची मनाली त्याच शाळेत दहावीला आहे. शांतारामचा व्हिसा गेला की माझा जातो, तिचाही जातो, आणि मार्चात तिची बोर्डाची परीक्षा आहे. माझी सगळी भीती एवढीच आहे. बाकी मला कशाची भीती उरलेली नाही.

आता डायरेक्ट म्हणजे काय ते सांगते, कारण सगळं तिथून सुरू होतं.

कुठल्याही यंत्रात थांबवणारा एक भाग असतो. फार गरम झालं, प्रेशर वाढलं, झाकण उघडं राहिलं, की तो करंट तोडतो. हा भाग बिघडला, किंवा आपल्याला नको तेव्हा तोडायला लागला, की आपला मिस्त्री काय करतो? त्याच्या दोन वायरी सोडवतो, एकमेकींना जोडतो, वर टेप मारतो. झालं. डायरेक्ट. आमच्या बिल्डिंगीत वॉशिंग मशीन झाकण उघडं टाकून फिरतात. शेजारच्या सुलोचनाबाईंची इस्त्री विसरली तर टेबलासकट जाईल, पण बंद म्हणून पडत नाही. शुक्रवारच्या सुट्टीला शांताराम आंघोळ करून बसला की दारात कोणीतरी उभंच. भाऊ, जरा डायरेक्ट करून द्या ना. पार्ट मिळत नाही, घरमालक फोन उचलत नाही आणि कपडे तर आज धुवायचे आहेत. तो जायचा, पोह्याची बशी खाऊन यायचा. लोक म्हणायचे, शांतारामच्या हाताला गुण आहे.

ही विद्या त्याने गावाहून आणली नव्हती. गावाला घरात एक पंखा होता, त्यात डायरेक्ट काय करणार? ही विद्या तुमच्या गॅरेजातली. बारा नंबरचंच घ्या. एप्रिलात तिच्या टपावरच्या एसीचा एक पंखा जळला. पंखा नाही म्हणून गॅस तापतो, प्रेशर चढतं, आणि बोटाच्या पेराएवढा एक स्विच आहे तो कंप्रेसर बंद करतो. नळी फुटायच्या आत थांबवायचं, त्याचं कामच ते. बस मग भट्टी. शांतारामने येऊन सांगितलं, पंखा बदलायला हवा. तुम्ही काय म्हणालात ते मी स्वतःच्या कानाने ऐकलं आहे, मी बसच्या पायरीवर पोरांच्या विसरलेल्या बाटल्या गोळा करत होते.

"ऑर्डर टाकलीय, इन्शाल्ला येईल. तोवर डायरेक्ट कर, यल्ला, आटप."

त्याने केलं. ते 'तोवर' अजून संपलेलं नाही.

सिगरेटचं आता. शांताराम सिगरेट ओढायचा, भरपूर. शिडीवर चढताना खोकायचा, उतरल्यावर खोकायचा आणि मग खोकला थांबावा म्हणून एक पेटवायचा. या वर्षअखेर त्याचं व्हिसाचं मेडिकल होतं. त्यात छातीचा एक्सरे काढतात. गॅरेजात कोणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं की सिगरेटवाल्याची छाती डागाळलेली दिसते आणि अनफिट मारून परत पाठवतात. खरं-खोटं देवाला ठाऊक, पण माणूस घाबरला. मी वीस वर्षं सांगून जे झालं नाही ते एका अफवेने झालं. सिगरेट सोडायची म्हणाला. पण एकदम सुटेना. दोन दिवस सोडायचा आणि तिसऱ्या दिवशी मनालीवर ओरडायचा. तेव्हा ते वाफेचं यंत्र, ई-सिगरेट म्हणतात ते, घ्यायचं ठरलं.

इथे ते विकायला बंदी. सिगरेट कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते, हे मिळत नाही. म्हणजे दुकानात जा, हातात घे, दुकानदाराला दोन प्रश्न विचार, हा प्रकारच नाही. कोणाच्या तरी बॅगेतून येईल ते आपलं. शांतारामचा भाचा अजिंक्य दुबईला नोकरीला आहे. तिथे तेव्हा नुकतीच विक्री खुली झाली होती. रमजानात एका संध्याकाळी तो दुकानात उभा राहिला आणि व्हिडिओ कॉल लावला. फोन मी भाजीच्या डब्याला टेकवून ठेवला होता.

शांतारामला आधी आवडली ती एक पितळेची नळी. आत बॅटरी, खाली बटण, वर रस तापवून वाफ करणारी कॉइल, बाकी काही नाही. तो म्हणाला हीच घे, हिच्यात बिघडायला काही नाहीच. मिस्त्रीचं डोकं. अजिंक्य म्हणाला, मामा, बिघडायला काही नाही तसं वाचवायलाही काही नाही. आतल्या आत शॉर्ट झालं तरी ही करंट देतच राहणार. मग त्याने दुसरं दाखवलं, चौकोनी, काडेपेटीहून थोडं मोठं. त्यात एक छोटा बोर्ड असतो म्हणे. कॉइल नीट आहे का ते तो आधी बघतो, नसेल तर पेटतच नाही. बॅटरी फार उतरली, फार तापली, कोणी बटण दाबूनच धरलं, की आपणहून बंद.

"मामी, याला डोकं आहे," अजिंक्य म्हणाला.

"मग तेच घे. या घरात एकाला तरी असू दे."

शांताराम हसला तेव्हा. खरंच हसला.

मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण कुकर घेताना मी शिट्टी आणि वॉल्व्ह बघून घेते, तसं विचारत गेले. तो मोठा घेऊ का विचारत होता, दोन बॅटऱ्यांचा, दोनशे वॅटचा, पोरं ढग काढतात तसला. मी म्हटलं, याला सिगरेट सोडायची आहे, सर्कशीत जायचं नाही. सिगरेटवाल्याला कमी ताकद पुरते, असं दुकानदारही मागून म्हणाला. मग बॅटरीची गोष्ट निघाली. आतच बसवलेली, फोनसारखी चार्ज करायची? की काढता-घालता येणारी? शांतारामला काढता येणारी हवी होती, बारा-बारा तास गॅरेजात जातात, एक भरलेली खिशात राहील. अजिंक्यने बजावलं की मग बॅटरी मी इथूनच चांगली घेऊन देतो, बाहेर नकली कागद गुंडाळून विकतात, वर लिहिलेलं खरं नसतं. आणि सुटी बॅटरी चाव्या-नाण्यांबरोबर खिशात टाकायची नाही, प्लास्टिकच्या डबीत ठेवायची. मी विचारलं, आत काही झालंच तर वाफ बाहेर पडायला जागा आहे का? त्याने उलटं करून तळाची भोकं दाखवली. कॉइली किती दिवस जातात? संपल्या तर इथे कोण देणार? म्हणून तो जास्तीच्याही घेऊन येणार होता. बटण चुकून दाबलं जाऊ नये म्हणून लॉक आहे का, तेही बघितलं. मनाली अभ्यास सोडून मध्येच आली आणि म्हणाली, "आई, यू आर सो… काय म्हणतात ते… चिकट." तिला चिकित्सक म्हणायचं असावं. तिचं मराठी तसंच आहे.

एवढं सगळं बघून घेतलं साहेब. फक्त एक विचारलं नाही, की हे यंत्र मध्येच थांबलं तर हा माणूस काय करेल. ते कुठल्या दुकानात विचारतात?

ईदच्या सुट्टीत अजिंक्य गाडी घेऊन आला, यंत्र देऊन गेला. जून बरा गेला. खोकला कमी झाला. एकदा भात जळला तर शांताराम आतून म्हणाला, "जळलाय गो." मी चुलीपाशी थांबले. या माणसाला वास यायला लागला होता.

मग शाळेला सुट्टी लागली आणि तुमच्या सगळ्या बसगाड्या एकदम गॅरेजात आल्या. जुलै महिना. पत्र्याखाली बसच्या टपावर बसून काम करायचं, हात टेकवला की चटका. ते यंत्र डांगरीच्या खिशात. दोन झुरके घेतले की पडद्यावर 'गरम' म्हणून दाखवायचं आणि बंद. थंड होईपर्यंत परत पेटायचं नाही. ते आपलं काम करत होतं. पण सहा तासांनी मिळालेल्या विश्रांतीत ते बंद पडलं की शांतारामचं डोकं फिरायचं. घरी येऊन म्हणायचा, मोठा साहेब झालाय तो बोर्ड, मला विचारतो सुद्धा नाही. मी म्हटलं सावलीत जाऊन ओढा. तो म्हणाला, सावली तुझ्या बापाने ठेवलीय तिथे?

एका संध्याकाळी तो खुशीत होता. म्हणाला, आता थांबत नाही. मी म्हटलं बरं झालं. मला वाटलं बोर्डाला हवा लागली, सुधारला.

त्याने काय केलं होतं ते मला नंतर उस्मानने सांगितलं, हॉस्पिटलच्या जिन्यात. उस्मान म्हणजे तुमच्याच गॅरेजातला इलेक्ट्रिशियन, आजमगढचा. जेवणाच्या सुट्टीत शांतारामने ते यंत्र उघडलं, बोर्ड बाजूला काढला आणि बॅटरी सरळ बटणाला जोडली. टेप मारली. दहा मिनिटांचं काम. उस्मान म्हणाला, भाभी, किसी ने नहीं टोका, हम सब तो यही करते हैं. खरंच आहे. कोण टोकणार? मी इतके प्रश्न विचारून पितळेची नळी नाकारली होती, आणि त्याने आपल्या हाताने या यंत्राची तीच नळी करून घेतली. मूर्खपणा आहे. मी नाही म्हणत नाही. पण हा मूर्खपणा त्याला कोणी रोज करायला लावला, ते बघा.

बॅटरी फुटली ती त्याच्या खिशात. काम करताना बटण दाबलं गेलं असणार, आणि दाबलेलं बटण सोडवायला आत कोणी उरलं नव्हतं. खिशात हात घालून त्याने ती बाहेर काढली, म्हणून मांडी थोडक्यात वाचली आणि पंजा गेला. उजवा. दुसऱ्या मांडीची कातडी काढून लावली आहे. बोटं मिटत नाहीत. डॉक्टर म्हणतात मिटतील, व्यायाम करा.

तुम्ही हॉस्पिटलात आलात. फळं आणलीत. तेही लिहिते, नाहीतर म्हणाल एकाच बाजूचं लिहिलं.

मग गेल्या मंगळवारी आम्हाला ऑफिसात बोलावलंत. टेबलावर प्लास्टिकच्या पिशवीत ते जळकं यंत्र. तुम्ही ते माझ्यासमोर धरून बोललात, शांतारामकडे बघितलंसुद्धा नाही.

"वहिनी, ज्याने हे बनवलं त्याने विचार करून सेफ्टी दिली होती. याने ती काढून टाकली. आता तुम्हीच सांगा, सेफ्टी काढणाऱ्या माणसाच्या ताब्यात मी शाळेच्या बसगाड्या कशा देऊ?"

शांताराम फरशीकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघत होते, की आता तरी हा बोलेल. तुम्ही सांगितलंत की बंदीची वस्तू आणली, स्वतः छेडछाड केली, तेव्हा कंपनी यात काही करू शकत नाही. व्हिसा कॅन्सल. शनिवारनंतरच्या शनिवारचं तिकीट. एनओसीचं मी विचारलं, कारण ती नसेल तर दोन वर्षं त्याला दुसऱ्या कोणाकडे इथे काम करता येणार नाही. तुम्ही म्हणालात, वहिनी, तो विषय खलास. मनालीच्या दहावीचं विचारलं. गावाला चांगल्या शाळा आहेत म्हणालात. तुमचा मुलगा कुठे शिकतो ते मी तेव्हा विचारलं नाही.

आणि मग, त्याच दमात, माझ्या कपात चहा असतानाच तुम्ही प्रथमच शांतारामकडे वळलात.

"आणि हो, जायच्या आधी उस्मानला बारा नंबरचं दाखवून ठेव. कुठल्या दोन वायरी ते त्याला सापडत नाहीये. रविवारी शाळा उघडते."

सुट्टीत उस्मानने वायरिंग उघडून सगळं मुळात होतं तसं जोडलं होतं. पंखा अजून आलेला नाही, म्हणून एसी पुन्हा मध्येच बंद पडायला लागला होता. तो पुन्हा डायरेक्ट करून हवा होता. सेफ्टी काढली म्हणून ज्याला हाकललंत, त्यालाच सेफ्टी काढायला शिकवायला पाठवलंत. आणि तुमचा आवाज बदलला नाही. मी लक्ष देऊन ऐकत होते.

शांताराम उठला आणि गेला. मी मागोमाग. उस्मान टपावर, हा खाली, गळ्यात अडकवलेला पांढरा हात आणि डाव्या हाताने खुणा. उस्मान म्हणत होता, शांताभाई, छोड़ो ना, जाओ, बैठो. हा म्हणत होता, तो नहीं, उसके बाजूवाला. टेप मारेपर्यंत उभा राहिला.

घरी येताना मी विचारलं, कशाला दाखवलंत?

"काय करू गो? साहेब म्हणाले." थोडं चालल्यावर म्हणाला, "आणि उस्मानने भलत्याच जोडल्या असत्या तर? पोरं बसतात त्यात. तू बसतेस."

या माणसाला तुम्ही बेफिकीर म्हणता.

काल रविवार, इथला आठवड्याचा पहिला दिवस. पहाटे अमीन बस घेऊन आला. अमीन आमचा ड्रायव्हर. मी चढले आणि एसी बंद कर म्हटलं. तो म्हणाला, साहब को कौन जवाब देगा? मी म्हटलं, मैं. खिडक्या उघडल्या, टपावरची झडप उघडली. ऑगस्टातली हवा, तुम्हाला सांगायला नको. मोठी पोरं इंग्रजीत कुरकुरली, "आंटी, एसी प्लीज." केजीतली प्रणाली घामाने लाल झाली, तिला मी माझ्याच ओढणीने वारा घातला आणि पाणी पाजलं. पोरं तापली, चिडली. एकालाही मी सुखाने आणलं नाही. पण आणलं.

पहिला तास भरायच्या आत आईबापांचे फोन तुम्हाला गेले आणि तुमचा मला आला. तुम्ही म्हणालात, "वहिनी, घरचा राग शाळेच्या पोरांवर काढू नका." मी फोन ठेवला. मला रडू आलं होतं आणि ते तुम्हाला ऐकवायचं नव्हतं.

मग ते आईबाप मला फोन करायला लागले. पोर पडलं, दप्तर राहिलं, की ते मलाच करतात, माझा नंबर सगळ्यांकडे आहे. आंटी, एसी का बंद? मी सांगितलं, ते साहेब सांगतील. आजही बंदच ठेवला. आजही तेच सांगितलं. उद्या तिसऱ्यांदा विचारतील तेव्हा मी साहेबांचं नाव सांगणार नाही, तो बोटाच्या पेराएवढा स्विच कशासाठी असतो ते सांगेन. मला नोकरीवरून काढा. काढायला असं तुमच्याकडे उरलंयच काय आमचं?

तर साहेब, चहा नको, वहिनी नको. सेफ्टी काढणाऱ्या माणसाला बसगाड्या देत नाही, हा तुमचा कायदा. मग एप्रिलापासून बारा नंबरची सेफ्टी कोणाच्या तोंडच्या हुकुमाने निघाली आहे? शनिवारच्या विमानात त्या माणसाची सीट कुठली? मनालीची पुस्तकं मी अजून बांधलेली नाहीत. बोला.